लॅपटॉपवर कॉफी सांडलीय, वरून वाळलाय, चालू करून बघू का?

कुहू
मंडळी, जरा तातडीने सल्ला हवाय. काल रात्री मांजराने टेबलावर उडी मारली आणि भरलेला कप माझ्या लॅपटॉपवर आडवा झाला. दूध साखर घातलेली कॉफी होती, कीबोर्डच्या उजव्या बाजूला गेली, अर्धा कप तरी असेल. लॅपटॉप चालू होता. मी लगेच चार्जर काढला, पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला, पुसला आणि टॉवेलवर उलटा करून ठेवला, रात्रभर तसाच होता. आता वरून अगदी कोरडा दिसतोय. भाऊ म्हणतो तांदळात ठेव, मैत्रीण म्हणते हेअर ड्रायर मार, नवरा म्हणतो एकदा चालू तर करून बघ, जिवंत आहे का ते तरी कळेल. माझ्या प्रबंधाची शेवटची प्रकरणं त्यात आहेत, बॅकअप आहे पण जुना आहे. चालू करू का अजून थांबू? आणि थांबायचं तर किती?

रानवारा
नका करू चालू!!! कोणीतरी जाणकार येईपर्यंत हातच लावू नका.

टकटक
तांदळाच्या डब्यात ठेवा दोनेक दिवस. माझा फोन बादलीत पडला होता, तांदळात ठेवला आणि मस्त चालू झाला, अजून चालतोय.

सोल्डरमन
कुहूताई, चालू करू नका, चार्जरही लावू नका. मी बोर्ड दुरुस्तीचं, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीचं (मदरबोर्डचं) काम करतो, ओले झालेले लॅपटॉप रोज हाताखाली येतात. जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं "चालू करू नका" सांगितलं की लोक एक दिवस धीर धरतात आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबतात.

पाण्याने लॅपटॉप सहसा मरत नाही, ओल असताना आत वीज असली की मरतो. बोर्डावर अगदी शेजारशेजारच्या पिनांवर वेगवेगळा व्होल्टेज असतो. मध्ये ओल आली की त्यातून करंट वाहायला लागतो, एका पिनेचा धातू विरघळतो आणि दुसऱ्या पिनेकडे जाऊन साठतो, असे बारीक तंतू वाढत वाढत दोन पिना एकमेकींना जोडल्या जातात आणि शॉर्ट होतो. तो हिरवा निळा गंज दिसतो ना बोर्डावर, तोही यातलाच प्रकार. व्होल्टेज असेल तर याची सुरुवात व्हायला मिनिटं पुरतात. व्होल्टेज नसेल तर हेच काम फार सावकाश चालतं.

आता खरा मुद्दा. तुम्ही बटण दाबून लगेच बंद केलात हे उत्तम केलंत, पण लॅपटॉप बंद केला म्हणजे बोर्डावरची वीज गेली असं होत नाही. आतली बॅटरी जोडलेलीच असते. तुम्ही बटण दाबलं, झाकण उघडलं, चार्जर लावला हे मशीनला कळायला हवं म्हणून काही सर्किट कायम जागी ठेवलेली असतात, ३.३ आणि ५ व्होल्टच्या काही लाइन बंद लॅपटॉपमध्येही चालू असतात. त्यामुळे किती दिवस वाळवायचं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न बॅटरी सोडवली का हा. मागचं झाकण काढून बॅटरीचा कनेक्टर आधी बाजूला करा किंवा कोणाकडून तरी करून घ्या, आजच्या आज, बाकी सगळं त्यानंतर.

आणखी एक, काही लॅपटॉप नुसतं झाकण उघडलं किंवा चार्जर लावला तरी आपोआप चालू होतात. आता तो ज्या स्थितीत आहे तसाच राहू द्या, उघडझाप करू नका.

कुहू
बापरे. बंद असूनही आत वीज असते हे मला माहीतच नव्हतं, मला वाटलं बंद केला म्हणजे संपलं. मागे बरेच स्क्रू दिसतायत, साधे नाहीत, चांदणीसारख्या खाचेचे आहेत.

सोल्डरमन
ते टॉर्क्स स्क्रू. त्याचा स्क्रूड्रायव्हर वेगळा मिळतो, दुसरा कुठला घालून जोर लावू नका, खाच गेली की मग खरी डोकेदुखी. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असू शकते, कागदावर लॅपटॉपचा आकार काढून जिथला स्क्रू तिथे टोचून ठेवा. आत बॅटरीची मोठी काळी पट्टी दिसेल, तिच्यातून वायरी किंवा रुंद पट्टी बोर्डाकडे गेलेली असेल. कनेक्टरला वरच्या अंगाला लोखंडी क्लिप असेल तर आधी ती उचलायची. वायरला धरून ओढायचं नाही, कनेक्टरला नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हळू सरकवायचं, धातूचं काही वापरायचं नाही. बॅटरी फुगलेली दिसली, गरम लागली किंवा गोडसर उग्र वास आला तर हात लावू नका, जळू शकणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि सरळ दुरुस्तीवाल्याला बोलवा.

शून्य
@टकटक, तांदळाबद्दल लिहायलाच हवं कारण हा सल्ला प्रत्येक वेळी येतो आणि त्यात लोकांचा महत्त्वाचा वेळ जातो. कोरडा तांदूळ हवेतला ओलावा थोडाफार घेतो हे खरं, पण बंद केसच्या आत, चिपच्या पोटाखाली अडकलेलं पाणी तो ओढून कसं काढणार? उघड्यावर हवेशीर ठेवला तरी तेवढंच वाळतं, किंबहुना जास्त चांगलं. वर तांदळाची पूड आणि कणी पोर्टमध्ये पंख्यात जाते ते वेगळंच. अ‍ॅपलने तर २०२४ मध्ये आपल्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलं की ओला आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कणांनी नुकसान होऊ शकतं. तुमचा फोन वाचला त्याचा आनंदच आहे, पण तो तांदळाशिवायही वाचला असता असं मला वाटतं. शिवाय फोनच्या फटी बऱ्यापैकी बंद असतात, लॅपटॉपचा कीबोर्ड म्हणजे वरून उघडी जाळीच.

टकटक
असेल बुवा. पण मग लोक इतकी वर्षं का सांगतायत?

शून्य
कारण तांदळात ठेवलं की लोक दोन दिवस बटण दाबत नाहीत. फायदा होतो तो त्या न दाबण्याचा, श्रेय तांदळाला जातं.

पावसाळी
मांजराची काय प्रतिक्रिया? :)

कुहू
@पावसाळी, ती खिडकीत बसून अंग चाटतेय, तिला काही सोयरसुतक नाही :)

गंधसरू
थोडं रसायनशास्त्राच्या बाजूने. नुसतं पाणी असतं तर वेगळं, इथे दूध आणि साखर आहे. पाणी उडून जातं, त्यात विरघळलेलं काही उडून जात नाही. नळाच्या पाण्यातले क्षार मागे राहतात, कॉफीतली साखर, दुधातले प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि खनिजं सगळं तिथेच चिकटून बसतं. साखरेचा तो थर हवेतला ओलावा धरतो, म्हणजे आज कोरडा वाटणारा भाग दमट दिवशी पुन्हा ओलसर होतो आणि सोल्डरमन यांनी लिहिलेलं सगळं परत सुरू होतं. त्यामुळे "वाळला म्हणजे झालं" हे दूध-साखरेच्या बाबतीत मला पटत नाही. धुवायलाच हवा. कोला पेयांत तर साखरेच्या जोडीला फॉस्फोरिक आम्लही असतं. आणि समुद्राचं पाणी सगळ्यात वाईट, त्यात एवढं मीठ असतं की वीज अगदी सहज वाहते आणि गंज फार भराभर चढतो.

फिरस्ता
उगाच घाबरवताय तुम्ही सगळे त्या बाईंना. माझ्या लॅपटॉपवर पाण्याचा ग्लास पडला होता, मी पुसला, चांगला वाळू दिला, चालू केला, त्यानंतर कितीतरी काळ वापरतोय. न उघडता. प्रत्येक गोष्टीला उघडा, धुवा, दुरुस्तीवाल्याकडे न्या असं सांगायची गरज नाही. अर्धी मशीनं उघडतानाच बिघडतात.

सोल्डरमन
@फिरस्ता, तुमचं म्हणणं खोटं नाही. साधं पाणी, थोडं, तेही बोर्डापर्यंत न पोचलेलं असेल तर असं होतं. बऱ्याच कीबोर्डखाली प्लॅस्टिकचा पडदा असतो, तो बरंचसं अडवतो. पण ते कोणाचं अडलं आणि कोणाचं खाली उतरलं हे बाहेरून दिसत नाही, आणि मी जे बघतो ते सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या मशीनपैकी पुष्कळ अशी असतात की सांडल्यानंतर काही आठवडे व्यवस्थित चालली आणि मग एके दिवशी चार्जिंग बंद, किंवा एक अक्षर दाबलं की दोन उमटतात, किंवा पंखा विनाकारण जोरात फिरतो. उघडलं की आत तो जुना डाग असतो.

आणि नुसतं "चालू करून बघू" यात कधी कधी एका क्षणात सगळं जातं. डिस्प्लेची केबल बोर्डाला जिथे जोडली जाते तिथे बॅकलाइटची, म्हणजे स्क्रीनमागच्या उजेडाची लाइन असते, ती कित्येक मशीनमध्ये वीस-तीस व्होल्टच्या वर असते. त्याच कनेक्टरमध्ये जवळच्या पिनांवरून चित्राचे सिग्नल जातात, त्यांचा व्होल्टेज एकाच्याही आत. या दोघींच्या मध्ये ओल असली आणि स्क्रीन उजळला की तो मोठा व्होल्टेज सिग्नलच्या वाटेने थेट प्रोसेसरपर्यंत जाऊ शकतो. मग कनेक्टर बदलून भागत नाही, बोर्डच गेला. त्या आधी आला असता तर नुसत्या साफसफाईवर सुटला असता अशी मशीनं बघितली की वाईट वाटतं, म्हणून इतकं लिहितोय.

फिरस्ता
हे बॅकलाइटचं माहीत नव्हतं. तो मुद्दा मान्य. तरीही साध्या पाण्याला मी आधी वाळवूनच बघेन, मात्र जमत असेल तर बॅटरी सोडवून.

निवांत काका
आमच्या वेळच्या लॅपटॉपना खाली दोन खटके असायचे, सरकवले की बॅटरी हातात. कोणीही घरी करू शकत होतं. आता बारीक करण्याच्या नादात बॅटरी आत पुरली आणि सामान्य माणसाच्या हातून हा पहिला उपाय काढून घेतला याचं मला फार वाईट वाटतं. काही थिंकपॅडना खाली चक्क भोकं असायची, कीबोर्डवर सांडलेलं पाणी वाट काढून त्यातून खाली पडायचं, बोर्डाला लागायचंच नाही. ऑफिसात एकदा माझ्यासमोर झालेलं आहे, खाली टेबलावर थारोळं आणि मशीन चालूच.

रानवारा
काका, काही मॉडेलना अजूनही तशी सोय असते. मशीनच्या पोटावर कीबोर्ड आणि थेंबाचं चित्र असतं, त्याच्या जवळ भोक. पण त्यावर विसंबून राहू नये, ती सोय थोड्या पाण्यापुरती असते, आणि पाणी वाहून गेलं तरी साखर कीबोर्डात राहतेच.

अनुस्वार
एक भाबडा प्रश्न, सांडल्या सांडल्या नेमकं कसं धरायचं? कोणी म्हणतं उलटा करा, कोणी म्हणतं आडवाच ठेवा.

शून्य
आधी वीज तोडायची, चार्जर भिंतीकडच्या बाजूने काढायचा म्हणजे ओला प्लग हातात येत नाही, मग बटण दाबून धरून बंद, यूएसबीत जे असेल ते काढायचं. मग झाकण जमेल तितकं उघडून उलटा तंबू करायचा, कीबोर्ड खाली तोंड करून टेबलाच्या कडेवर आणि स्क्रीन कडेखाली लोंबता, म्हणजे पाणी आलं त्याच वाटेने परत जातं. बिजागरीकडे उतरू द्यायचं नाही, तिथून स्क्रीनच्या थरांत शिरलं तर स्क्रीनवर कायमचे ढगाळ डाग राहतात. आणि झटकायचा नाही! झटकला की जिथे नव्हतं तिथेही जातं.

अनुस्वार
आणि हेअर ड्रायर?

गंधसरू
गरम हवेने कळांची प्लॅस्टिकं वाकतात, साखर आणखी कडक चिकटते, आणि हवेच्या झोताने पाणी आत ढकललं जातं. साधा पंखा लांबून, बस.

कुहू
उघडलं!! शेजारच्या मुलाकडे स्क्रूड्रायव्हरचा सेट होता. बॅटरी फुगलेली नाही, कनेक्टर सोडवलाय. आत बघितलं तर उजव्या कोपऱ्यात पंख्याजवळ तपकिरी ओघळ आहे आणि एका रुंद पट्टीच्या टोकाला पांढरट हिरवट काहीतरी दिसतंय. म्हणजे खाली उतरलंय नक्की. फोटो काढून ठेवलेत. दोन प्रश्न आहेत. एक, मी स्वतः काही पुसू का? दोन, बोर्ड गेलाच असेल तर माझ्या फाइली मिळतील का? खरं सांगते लॅपटॉपपेक्षा त्या फाइलींसाठीच जीव टांगणीला लागलाय.

विदागार
फाइलींचं मी सांगतो. आत एक लांबट पट्टीसारखी, एकाच स्क्रूने दाबून बसवलेली वस्तू दिसते का, साधारण बोटाएवढी? ती एसएसडी, तुमच्या फाइली तिच्यातच साठवलेल्या असतात. ती सुटी निघत असेल तर अर्धी चिंता मिटली. काढून कोरडी ठेवा, बाहेरच्या केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. फक्त विंडोजच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह, म्हणजे हीच एसएसडी, आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद झालेला असतो, दुसऱ्या मशीनला लावला की बिटलॉकरची (विंडोजच्या त्या कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, फोनवरून लॉगिन करून आत्ताच बघून ठेवा.

मॅकवाल्यांसाठी जरा कठीण आहे. टी२ ही अ‍ॅपलची सुरक्षेची चिप आल्यापासून, म्हणजे २०१८ पासूनच्या मॅकबुक प्रो आणि एअरमध्ये, स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं आणि त्याचं कुलूप त्याच बोर्डावरच्या चिपशी बांधलेलं असतं. तिथे फाइली हव्या असतील तर बोर्डच निदान तेवढ्यापुरता जिवंत करावा लागतो. अशा वेळी "बोर्ड बदलून देतो" असं कोणी म्हणालं तर हो म्हणण्याआधी विचारा, कारण बोर्ड बदलला की डेटा गेला.

कुहू
आहे ती पट्टी, एक स्क्रू! आणि की पण सापडली अकाउंटमध्ये. विदागार, तुमचे किती आभार मानू. रडू येणं बाकी होतं.

सोल्डरमन
छान झालं. आता पुसण्याचं. दिसणारी कॉफी लिंट न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या, घासू नका. ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश असेल तर गंज दिसतो तो कनेक्टर हलक्या हाताने साफ करता येतो. औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं नको, उरलेलं बरंचसं पाणीच असतं. बॅटरी सोडवलेलीच हवी, खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नको, फार पेट घेतं ते.

गंधसरू
एक भर. साखर आयसोप्रोपिलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. नुसतं अल्कोहोल फिरवलं तर पाणी निघेल, दुधाची चरबी निघेल, साखर तिथेच राहील. आधी डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, असं हवं.

सोल्डरमन
बरोबर, आम्हीही तसंच करतो. बोर्ड पूर्ण बाहेर काढून आधी पाण्याने, कधी अल्ट्रासॉनिकच्या (ध्वनिलहरींनी मळ सुटवणाऱ्या) टाकीत, मग अल्कोहोलने पाणी हाकलायचं, मग वाळवायचं. पण हे बोर्ड बाहेर काढल्यावर. घरी मशीनमध्ये असताना डिस्टिल्ड वॉटर ओतायला जाऊ नका, ते पंख्यात आणि स्क्रीनमध्ये जाईल. ताई, तुमच्या केसमध्ये कॉफी पट्टीच्या कनेक्टरपर्यंत गेलीय, मी तुमच्या जागी इथून पुढे हात लावणार नाही. बोर्डावर काम करणारा माणूस शोधा, "ओल्या मशीनचा बोर्ड काढून धुता का" असं थेट विचारा. नुसतं उघडून ब्लोअर मारून परत देणारेही असतात.

फिरस्ता
आणि वॉरंटी असेल तर? तिथे पाणी सांडलं हे सांगावं का? माझ्या ओळखीतला एकजण म्हणत होता गप्प राहायचं.

विदागार
सांगावंच. एक तर बऱ्याच कंपन्या आत पाणी लागलं की रंग बदलणारे स्टिकर लावतात, पांढऱ्याचे लाल होतात, लपत नाही. दुसरं, कुठे आणि काय सांडलं हे कळलं तर समोरच्याला कुठे बघायचं ते कळतं. साध्या वॉरंटीत द्रवाने झालेलं नुकसान सहसा येत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते घेतलंय का हे बिलात बघा, कित्येकांनी घेतलेलं असतं आणि आठवत नसतं. आणि कव्हर असेल तर स्वतः उघडण्याआधी एक फोन करा.

पावसाळी
मी सिलिकॉनचं कीबोर्ड कव्हर वापरते, त्याचं काय मत आहे?

रानवारा
सांडण्यापासून वाचवतं, पण जाडसर असेल तर झाकण बंद करताना काढून ठेवा, पातळ लॅपटॉपमध्ये स्क्रीनवर दाब येतो. काही मशीनना कीबोर्डच्या फटींतूनही हवा लागते, ती अडली तर गरम होतात. माझा अनुभव, लॅपटॉप स्टँडवर उंच आणि बाहेरचा कीबोर्ड. सांडलंच तर कीबोर्ड बदलायचा, लॅपटॉप शाबूत. पाण्याला झाकणवाली बाटलीच.

निवांत काका
अनुमोदन. आणि मांजर असेल तर कप वेगळ्याच टेबलावर.

कुहू
अपडेट देते, सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय. एसएसडी काढून मैत्रिणीच्या लॅपटॉपला जोडली, की टाकली, प्रबंध अगदी शेवटच्या ओळीपर्यंत मिळाला, आता तीन ठिकाणी ठेवलाय. लॅपटॉप एका बोर्डवाल्याकडे दिला, सोल्डरमनदादांनी सांगितलेला प्रश्न आधी विचारला, तो म्हणाला धुणारच, त्याशिवाय चालूच करणार नाही. त्याने मला बोर्ड दाखवला, टचपॅडच्या पट्टीच्या कनेक्टरवर गंज होता आणि चार्जिंगच्या भागात दोन बारीक पार्ट काळे पडले होते. ते बदलले, बोर्ड धुतला. कीबोर्ड मात्र गेला, उजवीकडची अक्षरं आपोआप उमटत होती, आणि माझ्या मॉडेलमध्ये तो वरच्या पत्र्याला रिव्हेट केलेला आहे त्यामुळे पूर्ण वरचा भागच बदलावा लागला. आता त्याच लॅपटॉपवरून लिहितेय. त्याने सांगितलं की बंद करून ठेवलात म्हणून डिस्प्लेकडचा भाग वाचला.

सोल्डरमन
फार बरं वाटलं. पुढचे काही आठवडे बॅकअप रोज घ्या आणि बॅटरीवर लक्ष ठेवा. टचपॅडच्या आसपास फुगवटा आला, क्लिक कडक झालं, तर वापर थांबवून दाखवा.

टकटक
तांदळाबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेतो. घरी सगळ्यांना हा धागा पाठवलाय.

अनुस्वार
धागा वर काढतोय. बहिणीच्या लॅपटॉपवर आत्ता लिंबू सरबत सांडलंय, बंद केलाय, तंबू करून ठेवलाय, पण खालचे स्क्रू रबरी पायांच्या खाली लपलेत बहुतेक, दिसतच नाहीयेत. पाय काढले तर परत चिकटतात का?

सोल्डरमन
नखाने एका कडेने सावकाश उचला, डिंक पायालाच राहिला तर परत चिकटतात, नाहीतर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप चालते. पायांची चिंता सोडा, आधी बॅटरी सोडवा. सरबतात आम्ल आणि साखर दोन्ही आहे. मॉडेल लिहा इथे, कनेक्टर कुठल्या बाजूला आहे ते सांगतो.